टी-शर्टवरचा कोल्ट्रेन आणि दोरीवर राहिलेली आखाजी

पत्र (थोडं कमी करून):

ताई, नमस्कार. मी भुसावळचा, रेल्वेत नोकरीला, वय ५६. लहानपणी आमच्या क्वार्टरशेजारी एक ड्रायव्हर अंकल राहायचे. रिटायर होऊन गाव सोडताना त्यांनी मला जॅझच्या चार रेकॉर्डी दिल्या. तेव्हापासून ऐकतोय. घरात दुसरं कुणी ऐकत नाही.

यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) बहीण माहेरी आली, सोबत भाचा. वय १९, जळगावला इंजिनीअरिंगला आहे. त्याच्या अंगात जॅझचा सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन याच्या 'ब्लू ट्रेन' या रेकॉर्डच्या कव्हरचा टी-शर्ट! मला इतका आनंद झाला की विचारू नका. म्हटलं, 'कोण रे हा?' तर म्हणे, 'काय माहीत मामा, डिझाईन भारी वाटलं मले, म्हणून घेतला.' माझं डोकंच फिरलं. सगळे जेवायला बसलेले. मी बोलून गेलो, 'ज्याचं नाव माहीत नाही त्याला छातीवर मिरवतोस? उद्या रस्त्यावरच्या कुणाचाही फोटो लावशील.' सगळे हसले. तो ताटावरून उठला, शर्ट बदलून आला आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं निघून गेला. टी-शर्ट आमच्या दोरीवरच राहिला. महिना झाला, फोन घेत नाही. बहीण म्हणते, पोरगं आहे, विसरेल.

वाईट वाटतं ताई. पण एक मन म्हणतं, माझं काय चुकलं? कव्हर अंगावर घालायचं आणि गाणं ऐकायचं नाही, ही कुठली रीत? त्याला ऐकवावं असंही फार वाटतं. काय करू?

– भुसावळचा एक मामा

ता. क. असा टी-शर्ट या वयात मला शोभेल का?

भाऊ,

तुमचं चुकलं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं मोकळेपणानं बोलता येईल. पोरगं विसरेल या बहिणीच्या बोलण्यावर विसंबू नका. भरल्या पंगतीत, खापरावरची पुरणपोळी ताटात असताना, सख्ख्या मामानं केलेला पाणउतारा एकोणिसाव्या वर्षी विसरत नाही. आपल्याकडे भाच्याचा मान काय असतो ते तुम्हाला मी सांगायला नको.

तुमच्या रागाचं मूळ मात्र मला दिसतं. त्या चार रेकॉर्डी मिळाल्यापासून भुसावळसारख्या गावात तुम्ही हे संगीत एकट्यानं ऐकलंत. त्याबद्दल कुणाशी बोलावं तर समोरचा जांभई देणार. घरातल्यांनी 'बंद करा ते पोंपों' म्हटलं असेल, तेही एकदा नाही, शंभरदा. आणि एक दिवस तुमच्याच रक्ताचं पोर कोल्ट्रेनला छातीवर घेऊन दारात उभं राहतं. त्या एका क्षणात तुम्हाला जन्माचा सोबती मिळाला होता. पुढच्याच क्षणी तो हातातून गेला. जो राग आला तो त्या गमावण्याचा होता. भाच्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. त्याला फक्त हसणारे चेहरे दिसले.

आता तुमच्या त्या दुसऱ्या मनाशी बोलते. कव्हर घालायचं आणि गाणं ऐकायचं नाही, ही कुठली रीत, असं विचारता. ते कव्हर बनवणाऱ्याचीच ती रीत होती, भाऊ.

'ब्लू ट्रेन'चं कव्हर रीड माइल्स यांनी केलं. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून १९६७ पर्यंत त्यांनी ब्लू नोट या जॅझच्या रेकॉर्ड कंपनीसाठी जवळपास पाचशे कव्हरं केली. मोठाली अक्षरं, फोटो बेधडक कापलेला, एकच रंग अख्ख्या चित्रावर पसरलेला. आज जगभर जॅझचं कव्हर म्हटलं की डोळ्यांपुढे येतं ते यांचंच काम. आणि या माणसाला जॅझची आवड नव्हती. त्यांचा जीव पाश्चात्त्य शास्त्रीय संगीतात. कंपनीचे मालक आल्फ्रेड लायन त्यांना सांगायचे की या रेकॉर्डमध्ये असं असं वाजलंय, तिचा भाव असा आहे. तेवढ्यावर ते काम करायचे. म्हणजे तुमच्या भाच्यानं न ऐकता जे कव्हर अंगात घातलं, ते न ऐकणाऱ्याच माणसाच्या हातून उतरलेलं होतं. त्याच्या डोळ्याला जे भारी वाटलं, ते रीड माइल्स यांच्या डोळ्याला आधी भारी वाटलं होतं. त्यात खोटं काय?

मुळात कव्हर ही वस्तू आली कशासाठी? आधी रेकॉर्डी साध्या, एकरंगी जाड कागदी वेष्टनात मिळायच्या, वर फक्त नाव. १९४० च्या सुमारास कोलंबिया कंपनीत ॲलेक्स स्टाइनवाइस नावाच्या तरुण चित्रकारानं चित्र असलेली कव्हरं सुरू केली. दुकानात शिरलेल्या ज्या माणसाला आत काय आहे हे ठाऊक नाही, त्याची नजर खिळावी म्हणून. ज्याला ठाऊक आहे तो नाव वाचूनच घेतो. कव्हर हे न ऐकलेल्यासाठीच असतं. तुमच्या भाच्याची नजर खिळली, म्हणजे साठ-सत्तर वर्षांनंतरही ते कव्हर नेमून दिलेलं काम चोख करतंय. हे पाहून तुम्हाला भरून यायला हवं होतं.

आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी राखून ठेवली होती. हेच आल्फ्रेड लायन मूळचे बर्लिनचे. १९२५ मध्ये, सोळा-सतरा वर्षांचे असताना, बर्फावर घसरायला जायच्या त्यांच्या नेहमीच्या जागेजवळ त्यांना एक पोस्टर दिसलं. अमेरिकेहून आलेल्या सॅम वुडिंग यांच्या वाद्यवृंदाचं. आईच्या काही जॅझ रेकॉर्डी त्यांच्या कानांवरून गेल्या होत्या, तेवढंच. पोस्टर पाहून पोरगा आत शिरला आणि त्या रात्रीनं त्याचं आयुष्य बदललं. १९३९ मध्ये न्यूयॉर्कला त्यानं ब्लू नोट सुरू केली. त्याच वर्षी त्याचा बालमित्र फ्रान्सिस वुल्फ नाझी जर्मनीतून निसटून त्याच्याकडे पोचला. तुमच्या दोरीवर वाळत पडलेल्या टी-शर्टवरचा फोटो या वुल्फ यांचा आहे. त्या पोस्टरपाशी उभं राहून लायन यांना कुणी दरडावून विचारलं असतं की सांग बरं यातल्या चार वादकांची नावं, तर पोरगा मान खाली घालून घरी गेला असता. आणि तुम्हाला ऐकायला 'ब्लू ट्रेन' नसती.

हे मी इतकं पोटतिडकीनं लिहितेय कारण माझ्या बाबतीत ते झालंय. मी धुळ्यात नववीत होते. रद्दीच्या दुकानातून आणलेल्या एका जुन्या इंग्रजी मासिकात एका ट्रम्पेटवाल्याचा फोटो होता. गाल फुगून चेंडू झालेले, आणि ट्रम्पेटचं तोंड समोर असण्याऐवजी वर आभाळाकडे वळलेलं. असं वाद्य मी कधी पाहिलं नव्हतं. फोटो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. घरी आलेल्या एका जाणकार पाहुण्यांनी तो पाहिला आणि विचारलं, 'हा कोण, काय वाजवतो, माहिती आहे का?' मला नाव येत नव्हतं. ते फक्त हसले, एक शब्दही जास्त बोलले नाहीत. त्या रात्री मी फोटो नखानं खरवडून काढला. कागदाचा पांढरा डाग कपाटावर बरीच वर्षं होता. तो डिझी गिलेस्पी होता. १९५३ मध्ये एका पार्टीत कुणीतरी त्याच्या ट्रम्पेटवर पडलं, ते वाकलं, वाजवून पाहिलं तर त्याला तसंच आवडलं, आणि पुढे तो तसंच बनवून घ्यायला लागला. ही गोष्ट मला बारा वर्षांनी कळली. त्या पाहुण्यांनी तेव्हा दोन मिनिटं खर्चून ती सांगितली असती, तर ती बारा वर्षं माझी झाली असती.

तुमच्याकडे अजून महिनाच गेलाय. म्हणून आता काय करायचं ते ऐका.

आधी तो टी-शर्ट दोरीवरून काढा. भुसावळच्या उन्हात महिनाभर राहिला असेल तर रंग उडाला असेलच. उलटा करून साध्या पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आणि इस्त्री आतल्या बाजूनं फिरवा. छापावर गरम इस्त्री टेकली तर कोल्ट्रेनचा चेहरा इस्त्रीला चिकटून येईल. हे काम घरात कुणाला सांगू नका, स्वतः करा. इस्त्री करताना तो फोटो एकदा नीट पाहा. निळ्या रंगात बुडालेला, मान खाली, बोटं ओठांशी, स्वतःतच हरवलेला तिशीचा माणूस. तुम्ही आजवर तो एक नाव म्हणून पाहिला असेल. भाच्यानं चेहरा म्हणून पाहिला.

मग जळगावला जा. अर्ध्या तासाची गाडी आहे, तुम्हाला तिकिटाचाही प्रश्न नाही. फोनवर माफी मागू नका, फोन तो घेणार नाहीच. समोर बसून 'माझं चुकलं' एवढं म्हणा. 'माझं चुकलं, पण' असं म्हणू नका. त्या 'पण'पाशी सगळं परत बिघडतं. त्या दिवशी पंगतीत जे लोक होते, त्यांच्यापैकी दोघा-चौघांच्या कानावरही हे जाऊ द्या. अपमान चारचौघांत झाला, तर भरपाई कोपऱ्यात करून भागत नाही.

त्यानंतर एकच प्रश्न विचारा. 'तुला त्यात काय आवडलं रे?' आणि गप्प बसा. तो म्हणेल, निळा रंग. किंवा म्हणेल, तो माणूस विचारात पडलेला वाटतो. किंवा अक्षरं आवडली म्हणेल. यातलं काहीही आलं तरी समजा की पोरगा जॅझबद्दल बोलायला लागलाय, तुम्ही फक्त ऐका. पहिल्या भेटीत कोल्ट्रेनचं चरित्र सांगायला बसू नका. सोबत रेकॉर्डही नेऊ नका. टी-शर्ट तेवढा न्या.

तो स्वतः काय ऐकतो तेही विचारून घ्या. या वयाच्या पोरांच्या कानात जॅझ आधीच शिरलेलं असतं, त्यांना नाव माहीत नसतं इतकंच. रात्री अभ्यासाला लावतात ते मंद लो-फाय संगीत घ्या, त्यातले पियानोचे कितीतरी तुकडे जॅझच्या वळणाचे आहेत. रॅप ऐकत असेल तर वाट आणखी सरळ. जॅझ पियानोवादक हर्बी हॅन्कॉक यांची १९६४ ची 'कॅन्टालूप आयलंड' ही चीज उचलून १९९२-९३ च्या सुमारास एका ब्रिटिश गटानं रॅप केलं आणि ते जगभर वाजलं. रॅपर केंड्रिक लमारच्या २०१५ च्या अल्बममध्ये कमासी वॉशिंग्टनचा सॅक्सोफोन आहे. त्यातलं एखादं नाव त्याच्या तोंडून आलं, तर तुम्ही 'हे काय ऐकतोस' म्हणायचं नाही. 'मला ऐकव' म्हणायचं. खरंच ऐकायचं.

आपल्याकडचा धागाही आहे, आणि तो मला सगळ्यांत जवळचा वाटतो. 'अलबेला' तुमच्या बहिणीनंही पाहिला असेल. १९५१ चा, भगवानदादांचा, संगीत आपल्या सी. रामचंद्रांचं. त्यांचे सहायक चिक चॉकलेट हे गोव्याचे ट्रम्पेटवादक. अमेरिकेतला जॅझचा थोर ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग याला गुरू मानून मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे. त्या चित्रपटात ते आणि त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. मराठी आणि गोव्याच्या माणसांनी मिळून हे सूर सत्तर वर्षांपूर्वी आपल्या घराघरांत आणून ठेवले. म्हणून जॅझ ऐकणारा पोरगा काहीतरी परकं करतोय असं खानदेशात तरी कुणी म्हणू नये. आपल्या लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट, ट्रम्पेट, सॅक्सोफोन ही सगळी मंडळी वर्षानुवर्षं आहेतच. वरात चौकात अडते, नाचणारे हटत नाहीत, तेव्हा जुना क्लॅरिनेटवाला काय करतो ते आठवा. गाण्याची ओळ सोडतो, स्वतःच्या मनानं वर जातो, गिरक्या घेतो, आणि ढोल बरोबर जिथे त्याची वाट पाहतोय तिथे येऊन उतरतो. हे ज्यानं पाहिलंय त्याला जॅझमधला सोलो, म्हणजे एकट्यानं घेतलेली भरारी, निराळा समजावून सांगावा लागत नाही.

आता तो ऐकायला तयार झालाच, तर काय लावायचं? 'ब्लू ट्रेन'चंच पहिलं वादन लावा. साडेदहा मिनिटांचं आहे. त्याच्या टी-शर्टचं नाव तेच आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच होऊ द्या. तुमच्या गच्चीवर, रात्री जेवणं झाल्यावर, अंथरुणं टाकून. दिवसभराची तापलेली गच्ची पाणी मारून निववायची तेवढी आधी.

सुरुवातीला तीन फुंकवाद्यं एकत्र हाक देतात आणि पियानो 'ओ' देतो. परत हाक, परत 'ओ'. हे त्याला आधी सांगून ठेवा, मग तो स्वतः शोधेल. सगळी चीज बारा बारच्या आवर्तनावर फिरते. चार मात्रांचा एक बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रा, की पुन्हा पहिल्यापासून. बोटांवर मोजता येतं. दोन-तीन आवर्तनं मोजली की मोजणं सुटतं आणि सम आपोआप कळायला लागते. पहिला सोलो कोल्ट्रेनचा. त्यानंतर ट्रम्पेट सुरू होईल. तिथे, फक्त तिथे, हलक्या आवाजात त्याला सांगा: हा ली मॉर्गन. १५ सप्टेंबर १९५७ ला हे वाजवलं तेव्हा तो तुझ्याच वयाचा होता, एकोणीस वर्षांचा.

मग बोलू नका. तो ट्रम्पेट त्याचं काम करेल.

त्यानं पुढे काही विचारलं तर सांगण्यासारखं पुष्कळ आहे, आणि ते तुमच्याइतकं भुसावळात कुणाला येतंय? हे ध्वनिमुद्रण स्टुडिओच्या इमारतीत झालं नाही, न्यू जर्सीत हॅकेनसॅकला रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घरात, बैठकीच्या खोलीत झालं. आणि व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचे. इंजिनीअरिंगच्या पोराला हे नक्की आवडेल. मला तर हे कळलं तेव्हा आसोद्याच्या बहिणाबाई आठवल्या. जात्याची घरघर हा ठेका, ओवी हे आवर्तन, आणि त्यावर त्या क्षणी सुचेल ते. ते सोपानदेवांनी कागदावर उतरवून घेतलं म्हणून आपल्यापर्यंत आलं. त्या दिवशी व्हॅन गेल्डर यांच्या बैठकीत सहा जणांनी जे क्षणात रचलं ते टेपवर उतरलं म्हणून तुमच्या गच्चीपर्यंत आलं.

त्याच वर्षी कोल्ट्रेनला व्यसनापायी ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसनं आपल्या बँडमधून काढलं होतं, आणि तो त्यातून हट्टानं बाहेर आला होता, हेही कधीतरी सांगा. घाई नाही. पुढे रविशंकरांवरच्या प्रेमानं त्यानं मुलाचं नाव रवी ठेवलं. त्याची बायको ॲलिस हिच्या १९७१ च्या अल्बममध्ये तंबोरा घुमतो. तो तंबोरा ऐकवलात तर बहीणसुद्धा गच्चीवर येऊन बसेल. आणि आमची आवड जरा वेगवान आहे असं भाचा म्हणाला, तर डेव्ह ब्रुबेक यांची १९५९ ची 'टेक फाइव्ह' लावा. तीन आणि दोन, पाच मात्रांचा ठेका. पोरांची बोटं टेबलावर लगेच वाजायला लागतात, मी पाहिलंय.

समजा, एवढं करून त्याला जॅझ नाहीच आवडलं? तर नाही आवडलं. टी-शर्ट तरीही त्याचाच. त्यानं तो कॉलेजात घालावा, क्रिकेट खेळायला घालावा, विरला की गाडी पुसायला घ्यावा. तुमचं नातं त्या रेकॉर्डवर अडून बसलेलं नाही हे त्याला तुमच्या वागण्यातून दिसू द्या. रस्त्यावरच्या स्वस्त टी-शर्टमधून कलाकाराच्या घरच्यांना दमडी मिळत नाही, असं तुम्ही मूळ पत्रात लिहिलंय. खरं आहे. पण ते भांडण छापणाऱ्याशी आहे, दोन-तीनशे रुपये साठवून आवडीचा कपडा घेणाऱ्या पोराशी नाही.

तुम्हाला टी-शर्ट शोभेल का, असं ता. क. मध्ये विचारलंत. इतकी वर्षं जे कानात आहे ते अंगावर का शोभू नये? घ्या. मात्र एकट्यानं जाऊन घेऊ नका. समेट झाला की भाच्याला म्हणा, 'चल, मला एक घेऊन दे, तूच निवड.' तो कुठलं कव्हर काढतो ते बघा, आणि ते का काढलं ते त्याला विचारा. सुती कापड घ्या आणि एक माप मोठं, पहिल्या धुण्याला आखडतं. अधिक महिना नसेल तर पुढच्या आखाजीला अकरा महिने आहेत. त्या दिवशी दोघांनी घालून पंगतीला बसा, आणि पहिली पुरणपोळी त्याच्या ताटात तुमच्या हातानं वाढा.

– तुमची ताई